वेबसाइटवरच्या फोटोलाही सातबारा असतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बांधाच्या भांडणाशी कधीच संबंध आला नाही, असा माणूस विरळाच. शेजाऱ्याचा नांगर वीतभर आत सरकला तरी आपण मोजणी आणतो. पण हीच मंडळी धंद्यासाठी वेबसाइट करायला बसली, की इंटरनेटवर दिसेल तो फोटो बेधडक उचलतात. तिथे बांध दिसत नाही, म्हणून ते गायरान वाटते. प्रत्यक्षात तिथल्या प्रत्येक तुकड्याला मालक असू शकतो, आणि तो एक दिवस दारात उभा राहू शकतो.

राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज, इकडे आंबेगावात डिंभे धरण आणि भीमाशंकरचे रान. पाहुणा यायला लागला, तशी शेतावर राहण्याची सोय करणाऱ्यांची, द्राक्षे थेट विकणाऱ्यांची वेबसाइट आली. ही चांगलीच गोष्ट आहे. मी या भागात वकिली करतो, आणि अलीकडे जमिनीच्या दाव्यांच्या जोडीला अशा वेबसाइटचे कागदही माझ्या टेबलावर येतात.

एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकांना नोटीस आली. त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर माळशेजच्या धबधब्याचा फोटो होता. छायाचित्रकाराने तो ताबडतोब काढावा आणि भरपाई द्यावी, अशी मागणी केली होती. मालक चिडून म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, धबधबा काय त्याच्या मालकीचा आहे? आणि फोटो मी टाकलाच नाही, वेबसाइट करणाऱ्या पोराने टाकलाय.’’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बहुतेकांच्या मनात तेच असतात.

धबधबा कोणाचाच नाही. कोणीही त्याचा फोटो काढावा. पण काढलेला फोटो त्या छायाचित्रकाराचा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा असून २१ जानेवारी १९५८ पासून लागू आहे. या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला, लेख लिहिला, की हक्क जन्माला येतो. फोटोवर नाव नाही म्हणून तो बेवारस ठरत नाही. राहता राहिला तो पोरगा. वेबसाइट तुमच्या नावाने, तुमच्या धंद्यासाठी चालते, म्हणून नोटीस तुम्हालाच येते. नंतर तुम्ही त्याच्याकडून वसूल करू शकाल, पण त्यासाठी हातात कागद हवा.

मग फुकट काय घेता येते? नाणेघाटाचेच उदाहरण घ्या. तिथला सातवाहनांचा शिलालेख दोन हजार वर्षांहून जुना. त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. जर्मन पंडित ब्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचून इंग्रजीत मांडला. ते १८९८ मध्ये वारले, तेव्हा तेही मोकळे आहे. पण आजच्या एखाद्या अभ्यासकाने केलेले मराठी भाषांतर त्या अभ्यासकाचे आहे. शिलालेखात काय आहे ही माहिती तुम्ही स्वतःच्या शब्दांत खुशाल लिहा. माहितीवर कोणाची मालकी नसते, ती मांडणाऱ्या शब्दांवर असते.

शिवनेरी म्हटले की शिवरायांचे चित्र आलेच. महाराज सर्वांचे, पण चित्र चित्रकाराचे. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. धुरंधर १९४४ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरचा हक्क २००४ अखेर संपला. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही हाच हिशेब लागतो. वेबसाइट उघडताच पोवाडा किंवा लावणी वाजवायची हौस असेल, तर आणखी सांभाळा. गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचे असू शकते, आणि तिघांचे हक्क वेगळे.

इंटरनेटवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाच्या परवान्याने दिलेले पुष्कळ फोटो असतात. ते घेता येतात, पण अट वाचून. कुठे नाव देणे बंधनकारक असते, कुठे व्यापारी वापराला मनाई असते. तुमची वेबसाइट धंद्याची आहे, हे विसरू नका. अटीचे पान छापून फाइलला लावून ठेवा.

वेबसाइट करून घेताना मी एकच आग्रह धरतो : सगळे लेखी. तुम्ही पैसे देऊन छायाचित्रकाराला बोलावून फोटो काढून घेतलेत आणि उलट काही ठरलेले नसेल, तर कायदा त्या फोटोंचा पहिला मालक तुम्हाला मानतो. पण बाहेरच्या माणसाकडून वेबसाइटचा मजकूर आणि प्रोग्रॅम लिहून घेतला, तर पैसे देऊनही हक्क आपोआप तुमचा होत नाही. तो सहीच्या कागदानेच मिळतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते. म्हणून मुदत लिहा. आणि ‘वापरलेले सर्व फोटो व मजकूर माझे स्वतःचे किंवा परवान्याचे आहेत, तक्रार आल्यास खर्च मी सोसेन’ हे वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या.

एवढे करूनही नोटीस आलीच, तर घाबरू नका आणि ती केराच्या टोपलीतही टाकू नका. आधी त्या पानाची प्रत काढून ठेवा. मग फोटो लगेच उतरवा. उतरवणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. उलट नोटीस मिळाल्यावरही तो ठेवला, तर जाणूनबुजून वापरला असे म्हणायला जागा होते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

त्यानंतर समोरच्याकडे पुरावा मागा : मूळ फाइल कुठे आहे, हक्क कोणाचा, आणि नोटीस पाठवणाऱ्याला अधिकारपत्र आहे का. आपली बिले, परवाने तपासा. मुदतीत लेखी उत्तर द्या. मागणी खरी असेल तर रकमेवर बोलता येते. माळशेजच्या त्या फोटोचे प्रकरण असेच मिटले. छायाचित्रकाराने मूळ फाइल दाखवली, मालकांनी फोटो उतरवला आणि मागितल्यापेक्षा बऱ्याच कमी रकमेवर तडजोड झाली. पैसे देताना ‘यापुढे काही येणे नाही’ असे लिहून घ्यायला मात्र विसरू नये. आणि धमकी निराधार असेल, तर ती थांबवावी म्हणून तुम्हालाही न्यायालयात जाता येते.

हाच कायदा तुमच्याही बाजूने उभा राहतो. तुमच्या द्राक्षबागेचा फोटो दुसऱ्याने स्वतःच्या जाहिरातीत लावला, तर त्याला लिहा. ऐकले नाही तर तो मजकूर साठवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे तिने ३६ तासांत कार्यवाही करायची असते. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दिसू शकतो, हे ध्यानात ठेवा. अशा वेळी मूळ फाइल आणि त्याच दिवशी काढलेले इतर फोटो हाच तुमचा सातबारा.

खरे तर दुसऱ्याच्या फोटोची गरजच काय? शहरातला पाहुणा तुमच्याकडे येतो तो तुमचे शेत, तुमची चूल, तुमचे अंगण पाहायला. पहाटेच्या धुक्यातल्या बागेचा, चुलीवरच्या भाकरीचा फोटो तुमच्याच मोबाइलवर काढा. तो कदाचित थोडा कमी झळाळेल, पण त्याच्यावर कोणाची नोटीस येणार नाही, आणि आलेला पाहुणा ‘फोटोत वेगळेच होते’ असेही म्हणणार नाही.