घराचा फोटो

"फोटोग्राफर? म्हणजे लग्नाचे का हो?" ही पहिली चौकशी. नाही म्हटले, की "मग वाढदिवसाचे?" मी घरांचे फोटो काढतो असे सांगितले, म्हणजे समोरचे गृहस्थ क्षणभर गप्प बसतात आणि विचारतात, "घराचे कसले आले फोटो? ते काय हसते का?"

हसत नाही, पण हसवावे लागते! उपवर मुलीचा फोटो वधूवरसूचक मंडळात जावा, तसा विकाऊ घराचा फोटो आता मोबाइलवर जातो. तो पसंत पडला तरच माणसे 'बघायला' येतात.

माझा निम्मा वेळ आवराआवरीत जातो. बाथरूममधली बादली बाहेर, दांडीवरचे कपडे खाली, फ्रिजवर चिकटवलेली बिले कपाटात. दिवे सगळे लावायचे, पण पंखा बंद; नाहीतर फोटोत पात्यांच्या जागी धुके दिसते. कॅमेरा तिपाईवर, छातीच्या जरा खाली आणि अगदी सरळ. तो किंचित कलला, तरी भिंती कोसळायला आल्यासारख्या दिसतात. खिडकीत ऊन पांढरेफटक आणि कोपऱ्यात काळोख, म्हणून एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन ते संगणकावर एकात एक मिसळायचे. इथवर पाप नाही. आपला डोळाही साधारण हेच करतो.

पाप सुरू होते ते भिंगापाशी. १६ मिलिमीटरचे भिंग लावून दाराला पाठ टेकवली, की जवळची फरशी पसरते, समोरची भिंत दूर पळते आणि १० बाय ११ च्या खोलीचा दिवाणखाना होतो. नव्या इमारतींचे ठीक आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला कार्पेट क्षेत्र सांगावे लागते आणि जाहिरातीत खोटे सांगून फसवले तर ग्राहकाला भरपाई मागता येते. जुन्या घराच्या विक्रीत मात्र एजंट आणि माझे भिंग यांचेच राज्य.

तीन वर्षांपूर्वी दादरला एका आजींचे घर असेच 'मोठे' केले. फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. म्हणाल्या, "छान आहे रे. पण हे कुणाचं घर?"

मी हसलो. एजंटही हसला.

आठवड्याने तिथे विसरलेली बॅटरी आणायला गेलो, तर नाशिकहून एक जोडपे घर पाहायला आले होते. दोघांनी रजा काढलेली, बरोबर सहा वर्षांची मुलगी. बाई एकदा मोबाइलकडे पाहत, एकदा खोलीकडे. पर्समधून चिठ्ठी काढून त्यांनी नवऱ्याला हळूच विचारले, "आईंचा पलंग इथे कुठे लावायचा?" चिठ्ठीवर पलंगाची, कपाटाची, शिलाई मशीनची मापे होती. नवरा काही बोलला नाही. आजींनी मुलीच्या हातावर लाडू ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "खोली पहिल्यापासून एवढीच आहे हो."

बॅटरी घेऊन मी जिना उतरलो, पण रस्त्यावरून परत वर गेलो. टेप मागितली, खोली मोजली आणि २४ च्या भिंगाने सारे फोटो नव्याने काढून त्याखाली मापे लिहिली. एजंट संतापला. "गिऱ्हाईक दारापर्यंत तरी आणशील की नाही?" त्याच्याकडून मला महिन्याला आठ-दहा घरे मिळत, ती बंद झाली. घरी हे सांगायला मला दोन दिवस लागले, कारण कॅमेऱ्याचे हप्ते चालू होते. तेव्हापासून मी २४ च्या खाली उतरत नाही. बाथरूमचा अपवाद, तिथे उभे राहायलाच जागा नसते!

आजींचे घर दीड महिन्याने गेले. नाशिकच्या मंडळींनी नाही घेतले. किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी आजींचा फोन आला, "अरे, एक फोटो काढायचा राहिलाय. पैसे घेणार असशील तरच ये."

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट होती ती. तिच्यावर पेन्सिलीने मुलांच्या, मग नातवंडांच्या उंचीच्या खुणा. पहिल्या फोटोंच्या वेळी मीच ती पडद्याने झाकली होती! सर्वांत खालच्या खुणेपाशी १९७४ लिहिले होते. ती नीट यावी म्हणून तिपाई बाजूला ठेवून मला फरशीवर पालथे पडावे लागले. आजी वरून म्हणत होत्या, "जपून रे, आत्ताच पुसलीय."