एका घरातील संगणक एकमेकांस उशिरा का ओळखतात?

हरमल हे पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि अंगणापलीकडे पाहुण्यांच्या खोल्या, अशी घरे येथे पुष्कळ. अशा एका छपराखाली सांप्रत नाना जातींची यंत्रे नांदतात: हिशेबाचा विंडोज संगणक, मुलीचा ॲपलचा लॅपटॉप, चार मोबाइल आणि एक सामाईक प्रिंटर. इंटरनेट उत्तम चालते; परंतु लॅपटॉपवर हिशेबाचा संगणक दिसावयास दहा-दहा मिनिटे लागतात, कधी तो दिसतच नाही. या तक्रारीची मीमांसा सभासद बंधुभगिनींसाठी येथे करीत आहोत.

विंडोजची जुनी पद्धत पेढीसारखी होती. घरातील संगणकांत निवडणूक होऊन एक संगणक जणू दिवाणजी बने व सर्वांची यादी राखी. इतर संगणक आपली वर्दी आरंभी लवकर लवकर आणि पुढे दर १२ मिनिटांनी देत. तीन वर्द्या चुकल्या, म्हणजे ३६ मिनिटे लोटली, की मगच नाव यादीतून जाई. दिवाणजीच एकाएकी बंद पडला तर पुन्हा निवडणूक! यादी शिळी असे ती यामुळेच.

ही व्यवस्था एसएमबी १ या जुन्या रिवाजावर उभी होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नामक खंडणीखोर विषाणूने त्यातीलच छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून तो रिवाज वगळला जाऊ लागला. त्याच्या जागी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी आली. ॲपलची यंत्रे व बहुतेक नवे प्रिंटर मात्र बाँजूर पद्धतीने हाक मारतात. एकाने मोडीत चिठ्ठी धाडावी आणि दुसऱ्यास बालबोधच वाचता यावे, तसा हा प्रकार. यादी भरावी म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

परीक्षा सोपी आहे. प्रत्येक यंत्रास राउटर एक अंकी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. नावाची वाट न पाहता त्या पत्त्यानेच संगणक उघडून पाहावा. तत्काळ उघडला, तर वायर व वायफाय निर्दोष. विलंब केवळ ओळखीचा. मग राउटरमध्ये तो पत्ता त्या यंत्रासाठी राखून ठेवावा व लॅपटॉपवर त्याचा शॉर्टकट करावा. पावसाळ्यात वीज जाऊन आली तरी पत्ता बदलत नाही.

पत्त्यानेही न उघडल्यास प्रथम विंडोजमध्ये घरचे जाळे ‘पब्लिक’ म्हणून तर नोंदले गेले नाही ना, हे पाहावे. तसे असल्यास ते ‘प्रायव्हेट’ करावे. नंतर दुसऱ्या राउटरकडे वळावे. चिऱ्यांच्या जाड भिंती वायफाय अडवितात, म्हणून मागील दारी आणखी एक राउटर बसविण्याची चाल पडली आहे. तोही स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागला की एका घरात दोन जाळी होतात व एकीकडील हाक दुसरीकडे पोचत नाही. त्यास ‘ॲक्सेस पॉइंट’ करून ठेवावे, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकाच राउटरकडे राहते.

पाहुण्यांच्या खोल्यांसाठी मात्र निराळे ‘गेस्ट’ जाळे असावे. त्यावरून दुकानाचा संगणक दिसत नाही, आणि दिसूही नये. पाहुण्यास तिकीट छापून हवे असल्यास त्याने ते दुकानाच्या मोबाइलवर पाठवावे.