मैलापाण्यांतील सोनखत

इ. स. १६६९ च्या सुमारास हांबुर्ग शहरीं हेनिग ब्रांट नांवाचा एक किमयागार परीस मिळविण्याच्या आशेनें मानवी मूत्र आटवीत बसला होता. परीस कांहीं मिळाला नाहीं. हातीं आला तो अंधारांत आपोआप प्रकाशणारा, मेणासारखा एक पदार्थ. तोच फॉस्फरस, म्हणजे शेतकी पुस्तकांतील स्फुरद. मराठी शेतकऱ्यानें मैल्याच्या खतास ‘सोनखत’ म्हटलें, तें ब्रांटच्या तर्कापेक्षां अधिक खरें ठरलें आहे.

स्फुरदावांचून पिकाचें मूळ वाढत नाहीं, दाणा भरत नाहीं, माणसाचें हाडहि घडत नाहीं. नत्र हवेंतून घेतां येतो; स्फुरद मात्र खडकांतून खणून काढावें लागतें. त्या खडकाच्या ज्ञात सांठ्यांपैकीं सुमारें ७० टक्के सांठा मोरोक्को व पश्चिम सहारा या भागांत आहे. भारतालाहि हा खडक बव्हंशीं परदेशांतूनच आणावा लागतो.

इतक्या दुरून आणलेल्या या द्रव्याचें पुढें काय होतें? प्रौढ मनुष्याच्या शरीरांतून रोज सुमारें दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडतें. पूर्वीं तें पुष्कळ अंशीं शेताकडे परत जाई; शहरांत तें गटाराच्या वाटेनें नदीकडे जातें. तेथें शेवाळ माजतें, तें कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि मासे मरतात. म्हणून मैलापाणी शुद्ध करतांना तें वेगळें काढतात. कोठें लोखंडाचे क्षार घालून तें तळाशीं बसवितात, कोठें हें काम सूक्ष्म जंतूंवर सोंपवितात. हे जंतु प्रथम हवा नसलेल्या टांकींत ठेवून मग हवेशीर टांकींत आणले, कीं दुष्काळांतून सुटलेल्या माणसानें कणग्या भरून ठेवाव्या त्याप्रमाणें ते गरजेहून अधिक स्फुरद आपल्या देहांत सांठवितात. दोन्ही रीतींनीं तें अखेर गाळांतच येतें.

येथें बर्लिनच्या वेशीबाहेरील वास्मान्सडॉर्फ येथील अनुभव बोधप्रद आहे. गॅस मिळविण्यासाठीं गाळ बंद टांक्यांत कुजवूं लागलें म्हणजे जंतूंचीं कोठारें फुटतात. मोकळें झालेलें स्फुरद अमोनिया व मॅग्नेशियम यांच्याशीं मिळून स्ट्रुव्हाइट नांवाचा पांढरा दगड बनतो, आणि त्यानें नळ तुंबतात. दगड फोडीत बसण्यापेक्षां तो आपल्या सोयीच्या जागीं होऊं द्यावा, असें तेथील इंजिनियरांनीं ठरविलें. एका स्वतंत्र पात्रांत गाळांतून हवा खेळवितात; त्यामुळें कर्बवायु निघून जाऊन गाळाचा अल्कधर्म वाढतो. मग मॅग्नेशियम क्लोराइड घातलें कीं खडे तळाशीं बसतात. ते धुऊन ‘बर्लिनर फ्लांत्स’ या नांवानें खत म्हणून विकण्यांत आले. हें खत सावकाश विरघळतें, हा त्याचा मोठाच गुण होय.

परंतु या युक्तीनें पाण्यांत विरघळलेलें स्फुरद तेवढें हातीं लागतें. लोखंडाशीं जखडलेलें गाळांतच राहतें. मग सगळा गाळच शेतांत कां टाकूं नये? शहरच्या गाळांत कॅडमियमसारखे धातु व औषधांचे अंश असतात, हें त्याचें उत्तर. यास्तव गाळ जाळून, राख आम्लांत विरघळवून धातु वेगळे काढण्याची दुसरी रीत निघाली. असा एक कारखाना हांबुर्गमध्येंच, म्हणजे ब्रांटच्याच गांवीं, उभारण्यांत आला आहे.

खर्चाचा प्रश्न मात्र बिकट आहे. खाणींतील स्फुरद सामान्यतः स्वस्त पडतें, म्हणून केवळ बाजारावर विसंबून हें काम होणें कठीण. जर्मनीनें २०१७ सालीं कायदाच केला. त्याप्रमाणें १,००,००० हून अधिक लोकवस्तीचा भार वाहणाऱ्या केंद्रांना २०२९ पासून व ५०,००० हून अधिक भाराच्या केंद्रांना २०३२ पासून, गाळांत स्फुरदाचें प्रमाण पुरेसें असल्यास, तें परत मिळविण्याचें बंधन आहे. राखेंतून काढावयाचें तर निदान ८० टक्के काढलें पाहिजे. ज्यांची तयारी नसेल त्यांनीं ती राख इतर कचऱ्यांत न मिसळतां वेगळी सांठवून ठेवावी, अशी मुभाहि त्यांत आहे.