सत्तरीनंतरची मैफल

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ताल-यंत्रावर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तिला फारसे श्रोते लाभले नाहीत. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकास ती सापडली; त्याने सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपातील तरुणाईपुढे वाजवू लागले. २०१५ मध्ये ते निवर्तले.

ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा आपण कटाक्षाने पाळतो. त्यांच्या कलेविषयी विचारायचे मात्र राहून जाते. मिठबावच्या एखाद्या पडवीतही दशावतारातील पायपेटी धूळ खात असेल. ती पुसून आजोबांपुढे ठेवावी आणि शेजारी बसून ऐकावे.