लिनक्स, लॅपटॉप आणि न सापडणारा मोडेम

जुन्या लॅपटॉपमधला टेलिफोनचा मोडेम बहुधा अर्धाच असतो. सिग्नलची आकडेमोड त्यातली चिप करत नाही. विंडोजचा ड्रायव्हर ते काम प्रोसेसरवर ढकलतो. म्हणून त्याला ‘विनमोडेम’ नाव पडलं. लिनक्समध्ये ड्रायव्हर नसला की तो असून नसल्यासारखा.

आधी चिप ओळखावी. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ चालवलं की कंपनीचं नाव दिसतं. कोनेक्झंट चिपसाठी लिनक्संटचा ड्रायव्हर होता. फुकटच्या आवृत्तीचा वेग 14.4 केबीपीएसवर अडवलेला. स्मार्टलिंकसाठी ‘एसएलमोडेमडी’. हे सगळं जुन्या कर्नलच्या काळातलं; आज त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

उमरखेड तालुक्यातल्या ज्या शेतवस्तीवर वायर पोचत नाही, तिथे यूएसबी डोंगल बरा. त्याची खोड वेगळी. लावल्याबरोबर तो सीडी असल्याचं सांगतो, कारण त्याच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर असतं.

हुवावे ई1550 लावून ‘एलएसयूएसबी’ दिलं आणि 12डी1:1446 दिसलं, तर तो अजून सीडीच आहे. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज टाकून डोंगल पुन्हा लावला की तेच 12डी1:1001 होतं आणि ‘टीटीवाययूएसबी0’ पोर्ट उगवतो.

पॅकेज आणायलाच इंटरनेट हवं, ही खरी गंमत! तेव्हा मोबाइलचं यूएसबी टेदरिंग कामी येतं.

पुढे नेटवर्क मॅनेजरमध्ये बीएसएनएलचा एपीएन ‘बीएसएनएलनेट’, डायल क्रमांक *99#. ‘डब्ल्यूव्हीडायल’ वापरताना पोर्ट उघडायला परवानगी नाकारली, तर डेबियन किंवा उबुंटूवर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावं.