गाडी, मन आणि मोबाइलची स्क्रीन: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

२३ ऑगस्ट २०२५ रोजी महिंद्राने ‘बीई ६’ या विजेवरच्या गाडीच्या बॅटमॅन आवृत्तीचं बुकिंग सुरू केलं आणि १३५ सेकंदांत सगळ्या ९९९ गाड्या संपल्या. मोटर आणि बॅटरी नेहमीच्या बीई ६ मधलीच होती. वेगळा होता तो काळा सॅटिन रंग, दारांवरचं बॅटमॅनचं चित्र, आतली सोनेरी शिलाई आणि ००१ ते ९९९ मधला क्रमांक कोरलेली पट्टी. शोरूमबाहेरचे खर्च धरण्याआधीच या गाडीची किंमत २७ लाख ७९ हजार रुपये होती.

गाडीची निवड मनाने होते आणि हिशेब मागाहून जुळवला जातो, हे विकणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आता त्याला कॉन्फिगरेटरची, म्हणजे गाडीचे पर्याय निवडून दाखवणाऱ्या अ‍ॅपची, जोड मिळाली आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत उभ्या उभ्या गाडीचा रंग, चाकं, सीटचं कापड आणि आतले दिवे बदलून बघता येतात. हे साधन उपयोगी आहे, पण ते काय करतं आणि काय करत नाही याबद्दल बरेच गैरसमज आहेत. उपनगरातल्या कुटुंबासाठी गाडी म्हणजे पाच-सात वर्षांचा हप्ता आणि सोसायटीतल्या पार्किंगची ओढाताण. म्हणून हे गैरसमज बुकिंगची रक्कम भरण्याआधीच दूर झालेले बरे.

गैरसमज १: अ‍ॅपला माझं मन कळतं.

वस्तुस्थिती: अ‍ॅपला कळतात ती तुम्ही दिलेली उत्तरं आणि तुमच्यासारख्या इतरांची सरासरी. भावनेचं रूपांतर गाडीच्या मापांत करण्याची शिस्तबद्ध पद्धत जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाचे मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात उभी केली. तिला ‘कान्सेई अभियांत्रिकी’ म्हणतात. आधी ग्राहकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे: दणकट, रुबाबदार, घरगुती, चपळ. प्रत्येक शब्दासमोर त्याचा विरुद्धार्थी शब्द ठेवून मध्ये पाच किंवा सात चौकटी आखायच्या. मग लोकांना वेगवेगळ्या डॅशबोर्डची चित्रं दाखवून प्रत्येकाबद्दल एकेका चौकटीत खूण करायला सांगायचं. शेवटी संख्याशास्त्राच्या मदतीने शोधायचं की कोणत्या बदलामुळे ‘रुबाबदार’कडच्या खुणा वाढल्या: काळ्या रंगामुळे, रुंद स्क्रीनमुळे की दुहेरी शिलाईमुळे.

यातून जे हाती येतं ते गटाचं मत असतं. बोरिवलीच्या पंचविशीतल्या मुलाला काळा डॅशबोर्ड भारदस्त वाटेल. मुलुंडच्या आजींना तोच मे महिन्यात तापणारा आणि धूळ दाखवणारा वाटेल. सरासरीत दोघंही हरवतात. त्यामुळे ‘खास तुमच्यासाठी’ असं लिहिलेली निवड समोर आली की ती सूचना समजावी, मनाचं निदान नव्हे.

गैरसमज २: भावना म्हणजे रंग आणि चकाकी.

वस्तुस्थिती: माणूस गाडी हाताने, कानाने आणि पाठीनेही अनुभवतो. कान्सेई पद्धतीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८९ साली आलेली माझदाची दोन आसनी एमएक्स-५. घोडा आणि स्वार एकरूप झाल्याचा अनुभव चालकाला यावा, हे उद्दिष्ट ठरवून तिची रचना झाली. नागामाचींनी नोंदवलं आहे की चपळपणाची आणि ताब्याची भावना सर्वांत चांगली येण्यासाठी गिअरच्या दांड्याची लांबी साडेनऊ सेंटिमीटर ठेवण्यात आली. ही जाणीव तळहाताला होते. छायाचित्रात ती दिसणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण कांदिवलीचं आहे. महिंद्राच्या तिथल्या डिझाइन स्टुडिओत रामकृपा अनंतन यांच्या चमूने घडवलेली एक्सयूव्ही ५०० ही २०११ साली बाजारात आली. झेप घ्यायच्या तयारीतला चित्ता ही तिची मूळ कल्पना होती आणि दाराच्या मुठीला चित्त्याच्या पंजाचा आकार दिला होता. म्हणजे गाडीशी पहिली ओळख होते त्या जागीच, हाताला, तो भाव जाणवावा अशी योजना होती. विजेवरच्या गाडीत इंजिनाचा आवाज गेला, तेव्हा महिंद्राने त्या गाड्यांचे आवाज ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतले. बीई ६ मध्ये दिवे, आवाज आणि वातावरण एकत्र बदलणाऱ्या ‘काम’ (म्हणजे शांत), ‘कोझी’ आणि ‘क्लब’ अशा मांडण्याही आहेत. हे सगळं अभ्यासाचं शास्त्र आहे. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागात वाहन डिझाइनचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो.

यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा एलबीएस मार्गावर संध्याकाळी गाडी इंचाइंचाने सरकते, तेव्हा मूड ठरतो तो क्लचचा जडपणा, सीटचा कंबरेला मिळणारा आधार आणि एसीचा झोत यांवर. कॉन्फिगरेटरमध्ये यांतलं काहीच तपासता येत नाही.

गैरसमज ३: स्क्रीनवर हवं ते, हवं तसं जोडता येतं.

वस्तुस्थिती: निवडीला आधीच चौकट घातलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. सुरक्षेवर परिणाम करणारा प्रत्येक नवा फेरफार म्हणजे कंपनीला पुन्हा चाचणी आणि खर्च. म्हणून कंपन्या ठरावीक व्हेरिएंट काढतात आणि वैशिष्ट्यांचे गठ्ठे बांधतात. सनरूफ हवं तर वरचं व्हेरिएंट घ्यावं लागतं आणि त्याबरोबर नको असलेल्या चार गोष्टीही येतात. ग्राहकाच्या हाती खरी मोकळीक उरते ती रंग, सीट कव्हर, चाकं आणि अ‍ॅक्सेसरीज यांत. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये सुरू केलेलं ‘मेक इट युअर्स’ हे साधनही मुख्यतः याच कक्षेत काम करतं. तेव्हा आधी न टाळता येणाऱ्या दोन गरजा ठरवाव्यात, त्या कोणत्या स्वस्तातल्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये मिळतात ते पाहावं आणि सजावटीकडे नंतर वळावं.

गैरसमज ४: स्क्रीनवर दिसला तोच रंग दारात येईल.

वस्तुस्थिती: प्रत्येक मोबाइलची रंग दाखवण्याची क्षमता वेगळी असते आणि मेटॅलिक रंग तर बघण्याच्या कोनानुसार बदलतो, कारण त्यातले बारीक चकचकीत कण प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परतवतात. शोरूममधले पांढरे दिवेही फसवतात. साडी दुकानाबाहेरच्या उजेडात नेऊन बघतात, तशीच त्या रंगाची गाडी उन्हात उभी करून बघा. त्या रंगाची गाडी शोरूममध्ये नसेल, तर कोणत्या शाखेत आहे ते विचारा.

गैरसमज ५: कंपनीने दिलं नाही तर बाहेरून करून घेऊ. गाडी माझी, मर्जी माझी.

वस्तुस्थिती: सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांत मनाने फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अ‍ॅक्सेसरीजची दुकानं ओळीने लागली आहेत. तिथे एखादी वस्तू विकायला असली म्हणजे ती लावणं कायदेशीर ठरत नाही. पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचा किमान ५० टक्के उजेड आरपार जाऊ देणाऱ्या असाव्या लागतात. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या. धडकेत तो बार पादचाऱ्याला जबर इजा करतो आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो. कर्कश सायलेन्सर हा तर रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिलेला त्रास आहे.

रंगाचं काय? रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो पूर्ण बदलायचा तर आपल्या आरटीओची परवानगी घेऊन नोंद बदलावी लागते. गाडीचा क्रमांक एमएच ०२ असेल तर अंधेरी, एमएच ४७ असेल तर बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंडकडच्या एमएच ०३ साठी वडाळा. सीएनजी किटही मान्यताप्राप्त असावं लागतं आणि त्याची आरसीवर नोंद व्हावी लागते. कोणताही मोठा बदल विमा कंपनीला लेखी कळवा. तो लपवला तर दाव्याच्या वेळी अडचण येते.

सीट कव्हर, मॅट, स्टिअरिंगचं आवरण किंवा डॅशबोर्डवरचा गणपती यांना कोणी अडवत नाही. मात्र सीटमधून उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग असतील तर कव्हर त्यांना वाट ठेवणारंच घ्या.

गैरसमज ६: गाडीतला कॅमेरा माझ्या भावना ओळखतो.

वस्तुस्थिती: चालकाकडे रोखलेला कॅमेरा प्रामुख्याने पापण्या किती वेळ मिटल्या आणि मान कुठे वळली हे मोजतो. त्यावरून डुलकीचा अंदाज येतो आणि इशारा वाजतो. रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवणाऱ्यासाठी ही मोठी मदत आहे. पण चेहऱ्यावरून दुःख किंवा राग नेमका ओळखता येतो, या दाव्यावर शास्त्रज्ञांमध्ये गंभीर मतभेद आहेत. गाडी घेताना दोन प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे: चित्रण गाडीतच राहतं की कंपनीकडे जातं? ते बंद करता येतं का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे.

गैरसमज ७: हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत.

वस्तुस्थिती: मनासारखी गाडी ही काहींची मूलभूत गरज असते. पायात बळ नसलेल्या व्यक्तीला हाताने चालणारा ब्रेक आणि अ‍ॅक्सेलरेटर मिळाला, की दवाखान्यात किंवा कामावर जायला कोणाची वाट पाहावी लागत नाही. त्या स्वावलंबनाएवढी मोठी भावनिक पसंती दुसरी नसेल. कायद्यानेही हे ओळखलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ठरवलेल्या अटी पाळून स्वतःचं वाहन दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ‘अनुकूलित’ करून घेण्याची तरतूद कलम ५२ मध्येच आहे. रंगांच्या शेकडो छटा दाखवणाऱ्या कंपन्यांनी अशा बदलांसाठीही तितकंच सोपं पान उघडून द्यायला हवं आणि ग्राहकांनी ते मागायला हवं.

मग कॉन्फिगरेटर वापरायचा कसा? तो उघडण्याआधी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारा, गाडीत बसल्यावर कसं वाटायला हवं आणि काय अजिबात नको. उत्तरं कागदावर लिहा. आजीला चढता-उतरताना गुडघ्याला त्रास नको असेल, तर तो मुद्दा पहिल्या ओळीत येऊ द्या. मग अ‍ॅपवर पर्याय तीनवर आणा आणि गर्दीच्या वेळी तिन्ही गाड्या स्वतः चालवून बघा, आजीला मागच्या सीटवर बसवून. कागद आणि अंग यांचं एकमत होईल तीच गाडी घ्या. अ‍ॅपने काहीही सुचवलं तरी निर्णय तुमच्याच घरचा असू द्या.