बदललेली हार्ड डिस्क : दोषनिदानाचा क्रम

लॅपटॉपमधील निकामी हार्ड डिस्क काढून नवी बसविल्यावर यंत्र सुरू झाले नाही, की नवी डिस्कच सदोष आहे असा निष्कर्ष बहुधा घाईने काढला जातो. वस्तुतः येथे तीन भिन्न प्रश्न असून ते क्रमानेच सोडविले पाहिजेत.

पहिला प्रश्न असा की, बायॉसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते काय? न दिसल्यास जोडणी प्रथम तपासावी. नंतर डिस्कची जात पाहावी. एम.२ आकारातील साटा व एनव्हीएमई या दोन जाती दिसण्यात जवळजवळ सारख्या असल्या, तरी केवळ एकीसाठी असलेल्या खाचेत दुसरी चालत नाही.

नाव दिसत असेल, तर दुसरा प्रश्न विभागणीचा. कोऱ्या डिस्कवर विभाग पाडलेले नसतात. हा दोष नव्हे. मात्र एमबीआर ही जुनी पद्धती सेक्टरांना ३२ बिटांचे क्रमांक देते. म्हणून ५१२ बाइटांचा सेक्टर धरल्यास सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडील जागा तिला वापरता येत नाही. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धतीच योजावी.

तिसरा प्रश्न आरंभपद्धतीचा. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होण्यास यूईएफआय पद्धती लागते. बायॉसमध्ये जुनी पद्धती निवडलेली असल्यास निर्दोष डिस्कही निरुपयोगी भासते.

या क्रमाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. जुन्या डिस्कवर संशोधकाची अनेक वर्षांची टिपणे असू शकतात. नव्या डिस्कवरील प्रती उघडून पडताळल्याखेरीज जुनी डिस्क कदापि पुसू नये.